झाडूची धून

नेरूळच्या घरात सुगतने उभ्या जन्मात झाडूला हात लावला नव्हता. आता तर तो जपानच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होता, त्यामुळे आई त्याला चारचौघांत 'आमचे सर' म्हणायची. तिकडे रोज जेवणानंतर स्पीकरवर एक धून वाजते आणि मुलांबरोबर शिक्षकही शाळा झाडतात, एवढं मात्र सरांनी घरी सांगितलं नव्हतं.

सुट्टीत तो आईबरोबर कळंबोलीला संघमित्राला बघायला गेला. चहा झाला. आई सरांचा तिकडचा मान रंगवून सांगत होती, तेवढ्यात खाली सोसायटीत कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतली आणि नेमकी तीच धून वाजली. सर तडक उठले, दारामागचा झाडू घेतला आणि हॉल झाडायला लागले. भानावर आले तेव्हा केर मुलीच्या वडिलांच्या पायाशी पोचला होता.

"तिकडे तुम्ही नक्की कोणत्या पोस्टवर आहात?" वडिलांनी विचारलं. आईने डोळे मिटून घेतले.



संघमित्राने शांतपणे पाय वर घेतले. "अहो, सोफ्याखालचं राहिलं."