अठरा फेऱ्या राहिल्या असताना

“बाबा, ते हेडफोन कानांवर चढवा.”

“मग ऐकू कसं येणार?”

“ऐकू येऊ नये म्हणूनच असतात ते!” ईप्सिता ओरडून म्हणाली. ओरडल्याशिवाय तिथे बोलणंच शक्य नव्हतं. बावीस गाड्या त्या लंबगोल ट्रॅकवर डावीकडे आणि पुन्हा डावीकडे वळत होत्या. दर वीस सेकंदांनी सगळा गडगडाट अंगावरून जायचा.

दत्तात्रयांनी हेडफोन गळ्यातच ठेवले. मुलीकडे स्टुटगार्टला येऊन त्यांना दोन महिने झाले होते. तिचं हे शनिवार-रविवारचं काम ते आज पहिल्यांदाच बघत होते.

तिच्या टीमची गाडी पिवळी, एकोणचाळीस नंबरची. लुकास ती चालवत होता. इंजिनाचे आकडे स्क्रीनवर पाहत राहायचं आणि काही बिघडलं तर लुकासला आत बोलवायचं, हे ईप्सिताचं काम. शुक्रवारचा सराव पावसात गेला होता. शनिवारच्या शर्यतीत टायर फुटला आणि नववा नंबर आला. आज शेवटच्या अठरा फेऱ्या उरल्या होत्या आणि पिवळी गाडी तिसरी होती. टीमचा मालक होल्गर सकाळीच तिला म्हणाला होता, पहिल्या तिघांत आलो तर पुढच्या वर्षीही ही खुर्ची तुझी.

“ईप्सू, आपल्या गाडीत टकटक येतेय.”

“काय?”

“वळण संपून जोर लावला की येते. टक टक टक. बेअरिंग गेलंय.”

तिने स्क्रीनकडे पाहिलं. ऑइलचं प्रेशर ठीक. तापमान ठीक.

“बावीस गाड्यांत तुम्हाला आपली ऐकू येते?”

“आपली आहे म्हणून तर येते.”

“आकडे सगळे बरोबर आहेत, बाबा.”

“आकडे मागून पडतात. आवाज आधी येतो. छत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काय गवत उपटलं मी? दोन-तीन फेऱ्यांत इंजिन बसतंय बघ. लिहून देतो.”

गाडी पुन्हा समोरून गेली. दत्तात्रयांनी बोट वर केलं. ईप्सिताने हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. तिला नुसता गडगडाट ऐकू आला. पुढच्या फेरीला बोट पुन्हा वर. इंजिन ट्रॅकवर फुटलं तर ऑइल सांडणार, मागून येणाऱ्या गाड्या त्यावरून घसरणार. आणि इंजिनाच्या बाबतीत बाबा कधी चुकलेले तिला आठवत नव्हते.

तिने रेडिओचं बटण दाबलं. “लुकास, बॉक्स. बॉक्स. मोटोर.” म्हणजे आत ये, इंजिनात बिघाड आहे.

पिवळी गाडी आत आली. एकाने बॉनेट उघडलं, दुसरा खाली वाकला. मेकॅनिकने दोनदा जोरात रेस दिली. दत्तात्रय कान देऊन ऐकत होते. शिवणयंत्र चालावं तसं इंजिन चाललं होतं. कुणी काही बोलायच्या आधीच त्यांना कळलं.

मागच्या चाकावरचा पत्रा सुटला होता. वेग आला की तो बॉडीवर आपटत होता. मेकॅनिकने तो हिसडा मारून उपटला, ईप्सिताला दाखवला आणि बाजूला टाकला. लुकास पुन्हा ट्रॅकवर गेला तोवर चार फेऱ्या बुडाल्या होत्या. तो सतरावा आला.

होल्गर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खिशात हात घालून हळू आवाजात बोलत राहिला. ईप्सिता जर्मनमध्ये नुसतं हो, हो म्हणत मान हलवत होती. शेवटी त्याने दत्तात्रयांकडे भुवई उडवून काहीतरी विचारलं. “नाइन,” नाही, ती म्हणाली आणि तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

होल्गर गेला. ती लॅपटॉपच्या वायरी काढू लागली.

“काय म्हणाला गं?”

“पुढच्या वर्षी नको म्हणाला.”

“मला आणू नको, असंच ना? बरोबर आहे त्याचं. मी आपला घरी टीव्ही बघेन.”

“तुम्हाला नाही, बाबा.”

दत्तात्रयांनी होल्गर गेला त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, “बोलव त्याला. सांग, म्हाताऱ्याने डोकं खाल्लं म्हणून. मी हात जोडतो त्याच्यापुढे.”

“कशाला? बटण मी दाबलं ना!” वायर गुंडाळता गुंडाळता तिचा गुंता झाला. तिने ती तशीच बॅगेत कोंबली. “एकदा नुसतं ‘बहुतेक’ म्हणाला असतात ना, तर मी दाबलं नसतं. पण तुमचं नेहमीचंच, लिहून देतो!”

त्यांनी गळ्यातले हेडफोन काढून तिच्या बॅगेवर ठेवले.

ट्रॅकवर आता पहिली आलेली लाल गाडी एकटीच राहिली होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती सावकाश भिंतीजवळून गेली आणि पुढे जाऊन तिने जोर घेतला. दत्तात्रयांची मान आपोआप तिकडे कलली. कपाळाला आठी पडली.

ईप्सिताने ते पाहिलं. “काय?”

“काही नाही.” त्यांनी मान सरळ केली. “मला काय कळतंय.”