टोपाला बोले, सुने लागे

"बघितला गो त्यांनी! पेणच्या स्टँडवर बघितला!" सरू दारातूनच ओरडली. दिशाच्या हातातला वाल सोलता सोलता राहिला.

सरू शेजारची. दिशाच्या सासूबरोबर, गिरजाबाईंबरोबर, पेणच्या बाजाराला गेली होती. गिरजाबाई मागून सावकाश येत होत्या, म्हणून ही पुढं धावली. झालं ते असं. रोह्याची एसटी काही येईना. गिरजाबाई कंटाळल्या आणि सवयीनं मांडीवरच्या डब्याला म्हणाल्या, "ऐकलंस का रे डब्या, आजची गाडी बहुतेक पायी येते." बाजूच्या कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसल्या. "आजी, तुम्ही तर थेट त्या टोपवाल्या सासूसारख्या बोलता!" म्हणत एकीनं मोबाइलच पुढं धरला.

"मग?"

"मग काय! पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा बघितला. आणि गाडीत चकार शब्द नाय."

मोबाइलवरच्या त्या व्हिडिओतली टोपवाली सासू म्हणजे दिशाच. टीव्हीवरच्या मालिकांची जरा टर उडवायची, एवढाच काय तो बेत होता. दाराचा पडदा शालू म्हणून गुंडाळायचा, कपाळभर कुंकू लावायचं. नवरा जितेश धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आला, की त्यानं एका हातात मोबाइल धरायचा आणि दुसऱ्या हातानं पत्रा हलवायचा. तो विजेचा कडकडाट. मग सासूचा चेहरा तीनदा जवळ यायचा. पण मालिकेतल्या सासवा सगळ्या एका साच्यातल्या, हसू यावं तरी कुठून? म्हणून दिशानं त्या सासूच्या तोंडी घरातली भाषा घातली. गिरजाबाई सुनेला कधी बोलत नसत. त्या भांड्यांना बोलत. "ऐकलंस का रे टोपा, आज बिरड्यात मीठ पडलंय का मिठात बिरडं?" लेकी बोले सुने लागे म्हणतात. गिरजाबाईंना लेक नव्हती, त्यामुळं टोपावर भागवायचं.

व्हिडिओ असा चालला म्हणता! कंपनीच्या बसमध्ये चालला, पेणच्या गणपतीमूर्तींच्या कारखान्यांत रंगाचा ब्रश बाजूला ठेवून लोकांनी बघितला. गिरजाबाईंचा फोन बटणांचा, त्यांना कुठं कळतंय, असं नवराबायकोनं धरून चाललं होतं. शहाणीच दोघं!

आणि दिशा आईवेगळी पोर. माहेरी तिला जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. या घरात आल्यापासून ती चौकशी रोज होत होती, टोपामार्फत का होईना. "टोपा, ही पोर अजून जेवली नाय, तू थंड होऊ नको." असं माणूस आपण जगाला हसायला दिलं. आता त्यांचं मन उठलं तर? नुसत्या विचारानं तिचे डोळे भरून आले.

गिरजाबाई आल्या. पाय धुतले. स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर भाताचा टोप होता, त्याचं झाकण उचललं, आत बघितलं, झाकण परत ठेवलं. टोपाला एक शब्द नाही. तांब्यातून पाणी प्याल्या. तांब्यालाही नाही. या घरात भांडी इतकी गप्प दिशानं कधी ऐकली नव्हती.

तिला राहवेना. "आई, बोला ना काहीतरी. मला नाय तर टोपाला तरी बोला. मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते तो व्हिडिओ."

"थांब," गिरजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पडवीतल्या नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा आत या. दिशा, ह्यांना दाखव."

आली का पंचाईत! हैबतराव म्हणजे लग्नाच्या फोटोतसुद्धा न हसलेले. दिशानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पत्रा कडाडला. चेहरा तीनदा जवळ आला. कमरेवर हात ठेवून पडद्यातली सासू टोपावर डाफरली.

हैबतराव हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आये," ते म्हणाले. "ही तर आमची आये."

गिरजाबाई पाटावर बसल्या. "माझ्या सासूचा एक फोटो नाय गो घरात. टोपाशी तीच बोलायची, मला ऐकवायला. मी पाणवठ्यावर जाऊन तिची नक्कल करायची. बायका हंडे सोडून हसायच्या. ती गेली, पण माझ्या तोंडची ती नक्कल काय सुटली नाय. आज स्टँडवर बघितलं, तर त्यात मी नव्हतेच. म्हातारीच उभी होती. एक शब्द बोलले असते ना, तर त्या पोरींसमोर रडू फुटलं असतं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "काढू नको तो."

दिशानं त्यांच्या मांडीवर डोकं टाकलं आणि ती मोकळेपणानं रडली. केसांतून खरखरीत हात फिरत राहिला. हैबतरावांनी, कसं जमवलं कोण जाणे, व्हिडिओ पुन्हा लावला होता.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. दिशा ताडकन उठली, गॅस बंद केला, फडक्यानं टोप खाली उतरवला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यावर खेकसली, "काय रे मेल्या टोपा! घरातली माणसं रडतायत, तुला जरा दम धरता येत नाय?"

दिशानं वळून बघितलं. हैबतराव चक्क हसत होते. गिरजाबाई डोळे पुसत होत्या.

"दिशा," त्या म्हणाल्या, "आता शूटिंग कुठं चालू हाय गो?"