लाल गाडी, करडी गाडी

“तुझीला बटणं जास्त, माझीला दम जास्त,” म्हणत बाबांनी आपल्या लाल स्पोर्ट्स कारच्या बॉनेटवर थाप मारली.

लेक हसली नाही. तिची करडी गाडी यंदाची; लाल गाडी तिच्या जन्माआधीची. तरी गेल्या वर्षी, वसाहतीमागच्या याच ओसाड धावपट्टीवर, बाबांनी तिला धूळ चारली होती. पण तेव्हा त्यांना नीट दिसत होतं. आता त्यांनी फाटकाचा खांब दोनदा घासला होता आणि शेजारची पोर सायकलसकट थोडक्यात वाचली होती. गाडी सोडा म्हटलं की ते जेवण सोडत. शेवटी पैज लागली. बाबा हरले तर किल्ली लेकीकडे.

“हात बघा यांचे!” निशाण म्हणून स्वयंपाकघरातला नॅपकिन घेऊन आलेली आई कडाडली. “शर्यतीला निघालात की कोळसे फोडायला?”

बाबांनी काळी बोटं पँटला पुसली.

लेकीने नजर वळवली. सकाळी ते अंघोळीला गेल्यावर तिने लाल गाडीच्या एका प्लगची वायर सोडवून ठेवली होती. वायरवरची काळी टेप चटकन निघाली, कारण टेपचं टोक बाबा कायम दुमडून ठेवत. “पुढच्याला नख घासत बसायला नको,” हे त्यांनीच तिला फ्रॉकच्या वयात शिकवलेलं. त्या टेपचा गोळा अजून तिच्या खिशात होता. इथवर येताना इंजिन अडखळत आलं असणार, तरी त्यांना काही कळलं नव्हतं. कानही गेले वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि स्वतःचीच किळस वाटली.

नॅपकिन खाली आला. अर्ध्यापर्यंत लाल गाडी बरोबरीने होती. मग मागे पडली.

“थकली गं म्हातारी,” बाबा उतरत म्हणाले. तिच्या तळहातावर किल्ली ठेवून त्यांनी तिची मूठ मिटवली. “तुझी भारी आहे. आणि चालवतेस पण झकास.”

तोंड कुठे लपवावं तिला कळेना.

“अगं, जिंकलीस ना? मग रडतेस कशाला?” आई म्हणाली.

“डोळ्यांत धूळ गेली.”

बाबा करडीत जाऊन बसले आणि आईला एकेक बटण दाखवू लागले. तेवढ्यात वायर जागेवर लावून टाकावी म्हणून लेकीने लाल गाडीचं बॉनेट उघडलं.

वायर जागेवरच होती. तिच्यावर नवी कोरी काळी टेप होती, टोक नीट दुमडलेली.