जुन्याचा नंबर

अठ्ठ्याऐंशी साली कुंभिवलीच्या आमच्या कारखान्यातले संगणक तारेनं एकमेकांना जोडले. माझ्या संगणकातलं जोडणीचं कार्ड जळलं म्हणून साहेबांनी नवं बसवलं, तर मोठा संगणक त्याला काही केल्या ओळखेना.

"नव्याचा बनवतानाच कोरलेला जन्माचा नंबर झाकून त्याला जुन्याचा देतो, बाई," साहेब म्हणाले, आणि खरंच, काम लगेच सुरू झालं. "बघा, मोठ्याला वाटतंय जुनंच परत आलं!"

सोमवार होता. घरी येऊन दिवा लावला आणि उपास सोडायला पानं वाढली. माझ्या वारलेल्या सवतीची मुलगी जनी आजही माझ्या हातचं जेवेना.

"एक घास तरी खा गं, बाय."

"तू माजी आई नाय. माजी आई मेली."

"ऱ्हाऊ दे गं शकू," सासूबाई म्हणाल्या. "भूक लागंल तवा खाईल."

पोर उपाशी, मग माझ्या तरी घशाखाली घास कसा उतरावा? महादेवापुढे नुसती बसून राहिले.



लग्नात यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, ते जनीच्या आईचंच होतं.