गव्हाळ टोक

"हल्ली लाकडातच दम राहिला नाही," मास्तर पुटपुटले. शेजारी शिबिराच्या पिशव्यांना बंद शिवत बसलेल्या बायकोलाच काय ते ऐकू गेलं. तिने मान वर केली नाही. केली असती तर बोलावं लागलं असतं.

मास्तरांच्या हातातल्या काठीचं टोक काळंठिक्कर पडलं होतं. सकाळपासूनची ही चौथी.

रानात रिकाम्या हातांनी कसं तगायचं, हे मास्तर तीस वर्षं शिकवत आले होते. पहिला धडा खणायच्या काठीचा. ओल्या काठीला टोक काढायचं आणि शेकायचं. ज्वाळेत नाही; निखाऱ्यांच्या वीतभर वर, सारखं फिरवत. टोक गव्हाळ झालं की बाहेर. जरा उशीर झाला की कोळसा, आणि कोळसा जमिनीत खुपसला की मोडलाच. सगळी विद्या त्या रंगात.

उद्या बारा जणांना घेऊन ते दहा दिवस रानात जाणार होते. वाटेत दोन कडे होते.

जेवून मास्तर आडवे झाले, तशी लेक मागच्या अंगणात गेली. जळक्या काठ्या तिने आगीत सारल्या. नव्या तासल्या, शेकल्या, दगडावर घासल्या आणि जुन्यांच्या जागी मांडल्या. गेली दोन शिबिरं हेच चाललं होतं.

"किती दिवस झाकशील?" आई दारातून म्हणाली.

"मग तू बोल ना."

"मी? परवा ह्यांनी चहात मीठ घातलं, तर छान झालाय म्हणून मी दोन कप प्याले."

लेकीला हसू आलं. मग ते तसंच विरलं.

चार वाजता मास्तर उठले. एकेक काठी उचलून त्यांनी टोक दगडावर ठोकलं. खणखणीत.

"बघा," बायको घाईने म्हणाली, "उगाच लाकडाला नावं ठेवत होतात."

मास्तर टोकावरून अंगठा फिरवत होते. चाकूचा एकेक काप चाचपत होते. त्यांचा हात उजवा. हे काप उलटे उतरत होते. घरात डावखुरं माणूस एकच.

"मागच्या दोन्ही वेळच्याही अशाच होत्या," ते लेकीला म्हणाले. "वाटलं, तू बोलशील. मग वाटलं, तुझी आई बोलेल."

बायकोच्या हातातली सुई थांबली.

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून पुढे केली. हात लेकीच्या जरा बाजूलाच गेला. ती सरकली आणि हातासमोर आली.

"ती बारा माणसं आहेत, पोरी. काठ्या नव्हेत, मागाहून बदलून ठेवायला. उद्या तू ने त्यांना. मला दिसत नाही गं."