ओढ्याकाठचं गाजरगवत

फवारणीवाला पाठीवर पंप चढवून ओढ्याकाठी आला, तेव्हा ती उकिडवी बसून गाजरगवत उपटत होती. सकाळपासूनची ही तिसरी रास. हातमोजे केव्हाच फाटले होते.

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

त्यानं मागे बोट दाखवलं. मागून तिचा नवरा येत होता.

नवऱ्यानं नीट समजावलं. अर्ध्या तासाचं काम, आठ दिवसांत सगळं वाळून जाईल. त्याच्या वडिलांनी हा पट्टा पाखरांसाठी, किडामुंगीसाठी सोडला, इथे फवारायचं नाही म्हणून बजावून गेले, आणि उपटणं मात्र हिच्या गळ्यात पडलं. दरवर्षी ती कुरकुरायची, ते काय त्याला ऐकू येत नव्हतं?

"तुझ्यासाठीच बोलावलं त्याला," तो म्हणाला. "हात बघ जरा तुझे."

तिनं पाहिले. बोटांना भेगा, मनगटापर्यंत पुरळ. मग पंपाकडे पाहिलं. हो म्हणावं, घरी जावं आणि पालथं पडून राहावं, असं फार वाटलं तिला.

सवयीनं तिनं हाताशी आलेलं एक रोप ओढलं. मुळाखालच्या ओलीत बेडूक अंग चोरून बसला होता. ऊन लागू नये म्हणून तिनं तेच रोप त्याच्यावर आडवं टाकलं.

"औषध पाण्यात उतरतं ना?" तिनं फवारणीवाल्याला विचारलं.

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. थोडंफार उतरतंच, म्हणाला.

"मग राहू द्या."

पुन्हा बोलावलं तर यायला जमणार नाही, सात शेतं खोळंबलीत, असं सांगून तो गेला.

नवरा चिडला. इतकी वर्षं डोकं खाल्लंस, आणि आता माणूस आणून उभा केला तर नको म्हणतेस.

"कंटाळा मला आलाय," ती म्हणाली. "बेडकांनी का मरायचं?"

पुढे शंभरेक पावलं हिरवंगार माजलं होतं. चार दिवसांत फुलावर आलं असतं. त्यानं तिकडे पाहिलं. मग पँट दुमडून तिच्या शेजारी बसला आणि मुठीत आलं तेवढं खसकन ओढलं. नुसते शेंडे हातात आले.

तिनं वळून पाहिलं नाही.

"मुळापासून ओढा," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा येतं."