लाल दिव्यावरची चिकटपट्टी

"अहो, ऑइलचा लाल दिवा लागलाय, गाडी थांबवा ना!" काकू तिसऱ्यांदा म्हणाली. आज तिच्या नव्या नोकरीचा पहिला दिवस होता.

"जुन्या गाडीचे दिवे असेच उगाच लागतात!" काका खेकसले आणि दिव्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी डकवली. "आता तूही तोंडाला पट्टी लाव!"

काकूचं डोकं इंजिनाच्या आधीच तापलं. जळका वास आला, तरी ती ओठ घट्ट मिटून बसली. शेवटी भर रस्त्यात इंजिन धूर ओकत बंद पडलं.

"अगं बये, शेजारी बसून नुसती बघत होतीस? सांगायचं नाही का?" काका ओरडले.



काकूने दिव्यावरची पट्टी टर्रकन ओढून त्यांच्या हातावर चिकटवली, "घ्या, आता तुमची पाळी!" म्हणाली आणि मागून येणाऱ्या बसला हात केला.